निवृत्ती जवळ आली, आता काय? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न आठही जिल्ह्यांतून पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक सगळ्यात जास्त, मग एसटी आणि साखर कारखान्यातले लोक, मग शेतकरी. अलीकडे या सगळ्यांच्या बायकाही स्वतः विचारू लागल्या आहेत आणि त्यांचे प्रश्न बहुधा जास्त नेमके असतात. व्याजाचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी दर पुन्हा विचारून घ्या.

१. निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. आत्तापासून काय करू?

सेवापुस्तक उघडून बघा. जन्मतारीख, पहिल्या नेमणुकीचा आदेश, बदल्या, बिनपगारी रजा, प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती, हे सगळं त्यात सही-शिक्क्यानिशी आहे का ते पाहा. वेतन पडताळणी पथकाची नोंद नसेल तर आत्ताच मागे लागा. मराठवाड्यातल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रकरणं नागपूरच्या महालेखापालांकडे जातात, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची जिल्हा परिषदेतच होतात. दोन्हीकडे प्रकरण अडतं ते जुन्या तालुक्यातल्या एखाद्या नोंदीपायी. तिथला बाबू कधीच निवृत्त झालेला असतो आणि दप्तर कुठल्या खोलीत आहे ते शिपायालाच माहीत असतं. शेवटच्या सहा महिन्यांत हे काम होत नाही.

वारसाची नोंदही तपासा. नोकरी लागली तेव्हा लग्न झालेलं नव्हतं म्हणून आईचं नाव लावलं, आई गेली आणि नाव तसंच राहिलं, हा प्रकार तुम्हाला वाटतो त्याहून जास्त आढळतो. खासगी नोकरीवाल्यांनी फंडाची सगळी जुनी खाती एकाच यूएएनखाली, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या फंड क्रमांकाखाली, आली आहेत का आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, एवढं बघावं.

२. घर चालवायला महिन्याला किती लागतील?

पगाराच्या अमुक टक्के, असल्या हिशेबावर जाऊ नका. तीन महिने वहीत खर्च लिहा, म्हणजे आकडा आपोआप समोर येईल. आपल्याकडे त्या वहीत दोन गोष्टी हमखास राहून जातात: उन्हाळ्यातला टँकर आणि वर्षभराचे आहेर. भावकी मोठी असेल तर लग्नसराईचे दोन महिने पेन्शनला पुरून उरतात.

सेवापूर्ती सोहळ्याबद्दलही लोक विचारतात. मांडव, कीर्तन, गावजेवण, आलेल्या प्रत्येकाला टोपी-उपरणं. करू नका असं कुणाला सांगता येत नाही. पण ग्रॅच्युइटीची रक्कम हातात पडायच्या आधी उसनवारीवर सोहळा उरकणाऱ्यांनी पहिले तीन महिने कसे जातील याचा विचार करावा.

३. पेन्शन विकावी की नाही? ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

जुन्या योजनेतल्या कर्मचाऱ्याला पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो. कागदोपत्री त्याला अंशराशीकरण म्हणतात. समजा मूळ पेन्शन ४०,००० रुपये आहे. ४० टक्के म्हणजे १६,०००. तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त होता, पुढच्या वाढदिवशी ५९ लागतं आणि त्या वयाचा गुणक ८.३७१ आहे. १६,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, म्हणजे १६,०७,२३२ रुपये एकरकमी मिळतात. त्या बदल्यात १५ वर्षं दरमहा १६,००० कमी मिळतात, म्हणजे एकूण २८ लाख ८० हजार. पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते.

कर्ज म्हणून पाहिलं तर हे साधारण पावणेनऊ टक्क्यांनी पडतं. पण त्यात तीन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. सरकारी कर्मचाऱ्याला या रकमेवर आयकर नाही. महागाई भत्ता विकण्याआधीच्या, म्हणजे पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो. आणि पेन्शनर मध्येच वारला तर उरलेले हप्ते माफ होतात, बायकोच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला त्याची झळ लागत नाही.

माझं मत असं. अंगावर दहा-बारा टक्क्यांचं कर्ज असेल, किंवा तब्येत फारशी धड नसेल, तर विका. तब्येत ठणठणीत असेल आणि पैसे नुसते बँकेतच ठेवायचे असतील तर विकून फारसा फायदा नाही. मुलाला द्यायला विकत असाल तर आधी प्रश्न ६ वाचा.

४. मी २००५ नंतर लागलो. मला पेन्शन आहे का?

१ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत रोख मिळते आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीची मासिक पेन्शन घ्यावी लागते. राज्याने २०२४ मध्ये सुधारित योजनेचा पर्यायही जाहीर केला. तो निवडायचा का, हे तुमची एकूण सेवा किती वर्षांची होणार यावर ठरतं, म्हणून आस्थापनेकडून दोन्ही बाजूंचा लेखी हिशेब मागा. अपवाद एकच: नेमणूक नंतर झाली पण भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती, अशांना २०२४ मध्ये एकदाच जुन्या पेन्शनचा पर्याय दिला गेला.

५. निवृत्तीचे पैसे कुठं ठेवू? पतसंस्था १२-१३ टक्के देते म्हणतात.

बहुतेकांना पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पुरेशी आहे. दर ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं आणि पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. दहा लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये खात्यात येतात. वय ६० लागतं, पण ५८ ला निवृत्त झालेल्यांना थांबायची गरज नाही. निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तेवढ्या रकमेपर्यंत खातं उघडता येतं. ही तीन महिन्यांची मुदत चुकवणारे फार. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एकट्याला ९ लाख आणि दोघांना मिळून १५ लाख ठेवता येतात. ७.४ टक्क्यांनी ९ लाखांचे महिन्याला ५,५५० होतात.

आता पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या पतसंस्था. बीड, जालना, धाराशिव, संभाजीनगर या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शटरवर नोटीस लागली, ठेवीदारांच्या रांगा लागल्या, निवृत्त गुरुजी उपोषणाला बसले. तरीही हा प्रश्न थांबत नाही, कारण पैसे मागायला येणारा ओळखीचा असतो. कधी आपला माजी विद्यार्थी, कधी भावकीतला, कधी शाखेत नव्याने चिकटलेली सून. त्याला एकच प्रश्न विचारा: "ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे का?" बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, व्याजासह दर बँकेत दर ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत हे संरक्षण आहे. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट पतसंस्थेला ते नाही. इमारत कितीही चकचकीत असो, उद्घाटनाला कुणीही आलेलं असो. नावात 'अर्बन' किंवा 'मल्टिस्टेट' आहे म्हणून ती बँक होत नाही. ओळखीखातर ठेवायचेच असतील तर बुडाले तरी महिना चालेल इतकेच ठेवा आणि चारचौघांत तसं सांगा. पुढची माणसं आपोआप कमी येतात.

प्लॉटिंगचंही तसंच आहे. बायपासला लागून, एनए होणारच आहे म्हणून, सातबाऱ्यावर गुंठ्यात घेतलेला प्लॉट विकायला निघाल्यावर दहा वर्षं गिऱ्हाईक मिळत नाही.

६. मुलगा पुण्यात आहे, फ्लॅटसाठी पंधरा लाख मागतो. नाही कसं म्हणू?

नाही म्हणायचं नसेल तर देऊ शकता. पण आधी स्वतःची आणि बायकोची सोय करा, मग उरेल त्यातून द्या. मुलाला गृहकर्ज मिळतं. सत्तरीतल्या बापाला घर चालवायला कोणतीही बँक कर्ज देत नाही. दिलेच तर फ्लॅटच्या करारावर तुमचं किंवा आईचं नाव सहमालक म्हणून लावायला सांगा. मुलगा चांगला असेल तर त्याला राग येणार नाही, सुनेच्या माहेरचे काय म्हणतील याची काळजी त्याची त्याला करू द्या. आणि मुलीला काय दिलं, हेही त्याच दिवशी घरात बोलून टाका. मागाहून बोलायला गेलं की ते भांडण ठरतं.

७. आम्हाला नोकरीच नव्हती. तीन एकर रान आहे. आम्ही निवृत्त कधी व्हायचं?

वय ४० च्या आत असेल तर प्रधानमंत्री किसान मानधन योजना आहे: २ हेक्टरपर्यंत जमीन, महिन्याला वयानुसार ५५ ते २०० रुपये, केंद्र तेवढेच घालतं आणि साठीनंतर ३,००० मिळतात. अटल पेन्शनचंही वय १८ ते ४० आहे, त्यात १,००० ते ५,००० मिळतात, मात्र आयकर भरणाऱ्याला २०२२ च्या ऑक्टोबरपासून ती घेता येत नाही. दोन्हींचा उपयोग आता तुमच्यापेक्षा तुमच्या मुलांना आणि सुनांना जास्त. ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्यांनी तर हे पंचविशीतच करून टाकावं, चाळिशीला कंबर बोलू लागते.

पासष्टी गाठलेल्यांना श्रावणबाळ योजना आहे, महिना १,५००, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. लाडकी बहीण ६५ ला थांबते. तिथून श्रावणबाळकडे जाणं आपोआप होत नाही, नवा अर्ज करावा लागतो.

खरा आधार रानाचाच आहे. अंगाने कष्ट होईनात की बटईने द्या किंवा ठोक्याने द्या. बटईत खत-बियाण्याचा अर्धा खर्च आणि पावसाची जोखीम तुमच्याही माथी येते. ठोक्यात पैसे कमी पण पेरणीआधी हातात. साठीनंतर मला ठोका बरा वाटतो, कारण सोयाबीनचा भाव पडला तरी किराणा थांबत नाही. मात्र वर्षाचा कागद करा, दरवर्षी नवा, आणि ई-पीक पाहणी स्वतःच्या नावाने करा. सातबाऱ्यावर सलग दुसऱ्याची वहिवाट लागू देऊ नका.

८. जमीन आणि घर आत्ताच मुलांच्या नावावर करून मोकळं व्हावं का?

मोकळं व्हायची घाई करू नका. मुलं वाईट निघतात असं नाही. पण सातबारा ज्याच्या नावावर, त्याला घरात विचारतात, एवढं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

तीन रस्ते आहेत. पहिला मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक पण केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं ग्राह्य धरतात. फक्त स्वतःच्या मालकीचं आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा वाटा एवढंच त्यात देता येतं. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

दुसरा बक्षीसपत्र. राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, पत्नी, नातवंडांना द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपये, बाकीचे आकार वेगळे. स्वस्त आहे म्हणूनच लोक घाईने करतात आणि मग ते मागं घेता येत नाही. करायचंच तर 'माझा व माझ्या पत्नीचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात लिहून घ्या. पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर ती होती हे सिद्ध करता करता जीव जातो.

तिसरा, तहसीलदारांसमोर सहमतीने वाटप. भावाभावांत आधीच कुरबुर असेल तर हयातीत वाटणी केलेली चांगली, पण एक वाटा स्वतःच्या नावावर ठेवून. वडिलोपार्जितात मुलींचा हिस्सा भावांइतकाच आहे. हक्कसोडपत्र घ्यायचं असेल तर मुलीला समोर बसवून, वाचून दाखवून घ्या. रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीची सही परस्पर उरकू नका.

९. बँकेत मुलाचं नाव वारस म्हणून लावलंय. मग मृत्युपत्र कशाला?

बँकेतला नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारणारा असतो, मालक असतोच असं नाही. पैसे अखेर कायदेशीर वारसांचे किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचे. बाकी प्रश्न ८ मध्ये आलं आहे.

१०. दवाखान्याचं काय? त्यातच सगळं जातं.

७० पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आधार पुरतं. योजना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. घरात सत्तरीचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही कुटुंबाला ५ लाखांचं संरक्षण आहे. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेतच. खासगी दवाखान्यात मात्र भरती होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठून तो आजार यादीत बसतो का ते विचारा.

अडचण ५८ ते ७० या मधल्या वर्षांची आहे, शिवाय या योजना भरती झाल्यावरच्या आहेत. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या खिशातूनच. त्यासाठी जनऔषधी केंद्र बघा. खासगी विमा घ्यायचा तर पंचावन्नच्या आसपास घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबवतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीत बसेनासा होतो आणि घरचे म्हणतात म्हातारा चिडका झाला. ६५ वरच्या, २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत असल्या साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात.

११. मुलगा म्हणतो, गाव सोडून पुण्याला या. जावं का?

एकदम घर विकून जाऊ नका. आधी एक उन्हाळा राहून बघा. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते २०१६ साल लातूरकरांच्या लक्षात आहे, तेव्हा मे महिना लेकाकडे काढण्यात कमीपणा नाही. पण तिथे नातू शाळेत, दोघं कामावर, आणि तुम्ही अकराव्या मजल्यावर कुरिअर घ्यायला. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर उन्हाळा तिकडे आणि मृगापासून इकडे, असं आलटून पालटून राहणारी कितीतरी जोडपी आहेत. एसटीत ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडली की मोफत.

१२. दिवस जात नाही. पारावर तरी किती बसायचं?

हा प्रश्न पुरुषांचा. शेजारीच त्यांच्या बायकांचा प्रश्न असतो: "हे निवृत्त झाले, मला कधी मिळणार निवृत्ती?" दोन्हींचं उत्तर एकच. चहा स्वतः करायला शिका. गंमत नाही. सकाळी दहा ते पाच घर तिचं होतं. आता तुम्ही तिथे बसून भाजी कशी चिरावी ते सांगता. त्या वेळात तुम्ही घराबाहेर असणं दोघांच्या हिताचं, आणि भिशी, भजनी मंडळ, माहेर यांसाठी तिला मोकळं सोडणं त्याहून.

बाहेर जाऊन काय करायचं? हरिपाठ, सप्ताह, नाथषष्ठीला पैठण, आषाढीला जमलं तर पायी पंढरपूर, हे ज्याला रुचतं त्याला विचारावं लागत नाही. ज्याला रुचत नाही त्याने ओढून ताणून टाळ घेऊ नयेत. माजी शिक्षकांना नवोदय आणि शिष्यवृत्तीची मुलं तयार करणं चांगलं जमतं, फी घ्या किंवा घेऊ नका, वेळ मात्र पाळा. अक्षर आणि डोळे शाबूत असतील तर मोडी शिका. २०२३ मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. गावोगावच्या ट्रंकांत अजून कागद पडून आहेत. मुक्तिसंग्रामात कोण कुठल्या कॅम्पवर होतं, हे ज्यांनी घरात ऐकलं तेही आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ते लिहून ठेवायला प्रकाशक लागत नाही.

ग्रामपंचायतीच्या राजकारणात उतरायचं असेल तर तुमची मर्जी. फंड मात्र बायकोच्या नावावर ठेवून उतरा.

१३. पत्नी गेली. मुलं फोन करतात, पण घर खायला उठतं.

पहिल्या वर्षात घर, शेत, गाव यांपैकी कशाचाही निर्णय घेऊ नका. रोज एक जेवण कुणासोबत तरी करा, शेजारी, भाऊ, ज्येष्ठ नागरिक संघ, कुणीही. बोलावंसं वाटलं, औषधाची किंवा कायद्याची मदत लागली, घरात कुणी त्रास देत असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे. झोप आणि भूक दोन्ही महिनाभर गेल्या असतील तर डॉक्टरांकडे जा. तो आजार असतो आणि त्यावर औषध आहे.

१४. मी निवृत्त शिक्षक, शेतीही आहे. पीएम किसानचे पैसे घेतले तर चालतात का?

महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल तर नाही. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना यातून सूट आहे. घेतले असतील तर वसुलीची नोटीस येण्याआधी स्वतःहून परत करा.

१५. साखर कारखान्यात फक्त हंगामात काम केलं. फंडाची पेन्शन बसते का?

बसू शकते, आणि बरेच जण हे न कळल्याने हक्क सोडतात. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये दहा वर्षांची सेवा लागते. हंगामी कामगाराने वर्षात जेवढे महिने काम केलं असेल ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे दहा-बारा गळीत हंगाम भरले असतील आणि फंड कापला गेला असेल तर पेन्शनचा दावा करा. पेन्शन ५८ ला सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कमी. किमान पेन्शन १,००० रुपये आहे, त्यावर एकट्याचंही भागत नाही, म्हणून प्रश्न ७ मधल्या योजनाही बघा. पैसे एकदम काढून घेण्याचा अर्ज एजंट भरून देत असेल तर सही करण्याआधी विचारा की त्याने पेन्शनचा हक्क जातो का.

१६. पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव 'कौसाबाई', आधारवर 'कौशल्या'. काही बिघडतं का?

तुम्ही आहात तोवर काही नाही. नंतर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायच्या वेळी तिला एकटीला कोषागार, तहसील आणि बँक असे हेलपाटे घालावे लागतात. आत्ताच आधार, पॅन, बँक आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, एकच नाव आणि एकच जन्मतारीख करून घ्या. पीपीओत बदल हवा असेल तर ज्या कार्यालयातून निवृत्त झालात त्यांच्यामार्फत अर्ज जातो. सोबत राजपत्रातली नावबदलाची प्रत किंवा ते मागतील तो पुरावा जोडा. पेन्शनचं खातं दोघांच्या नावे ठेवा. खातं जुन्या हैदराबाद बँकेतलं असेल तर ती २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली आहे. पासबुक आणि पीपीओवर शाखेचं नाव-क्रमांक जुळतो का, तेही त्याच फेरीत बघून घ्या. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हा तिला सोबत न्या, म्हणजे कोणत्या खिडकीवर काय होतं ते तिला माहीत असेल.